चापड्याजवळ बसताना

बंगळुरूतल्या जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातली वर्दळ ओसरली की गॅलरीत येऊन बसा. डोळे मिटा. तळहात गालाजवळ न्या, पण टेकवू नका. थोडं थांबा. हाताची ऊब गालाला हळूहळू कळू लागेल. ती आणखी थोडा वेळ कळू द्या.

आता श्वास संथ ठेवून मनानं कर्नाटकातल्या डोंगराळ मलनाडात उतरा. हासन, चिकमगळूर, शृंगेरी, मग आगुंबे. जुलैचा पाऊस आहे, रात्र आहे. ओढ्याकाठच्या एका ठेंगण्या फांदीवर मलबारी चापडा हा विषारी साप वेटोळं करून बसला आहे. हिरवा असेल, तपकिरी किंवा पिवळाही असेल. एकाच जातीत हे सगळे रंग सापडतात. आपल्या आंबोलीतही पावसाळी रात्री हाच भेटतो. निसर्गअभ्यासक जर्डननं 1854 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

चापड्याच्या चेहऱ्याकडे सावकाश बघा. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे दोन्ही बाजूंना एकेक खळगा आहे. खळग्यात अतिशय पातळ पडदा ताणलेला, त्याच्या मागे हवा. म्हणून पडदा चटकन तापतो आणि चटकन निवतो. तापमानातला अंशाच्या शंभराव्या भागाहून कमी फरकही चापड्याला जाणवतो. उबेचा हा संदेश मेंदूत डोळ्यांच्या संदेशाला जाऊन मिळतो. घोणस आणि फुरसं याच कुळातले, पण त्यांना असा खळगा नाही.

इथे जरा रेंगाळा. टॉर्च विझवली की आपण अंधारात मिसळलो असं आपल्याला वाटतं. चापड्यासाठी आपला चेहरा, आपले उघडे हात तेव्हाही तिथेच असतात, भोवतालच्या गार ओल्या पानांहून वेगळे. आपण न बोलता, न हलता सतत ऊब बाहेर सोडत असतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

तो मात्र हलत नाही. कधी कधी दिवसचे दिवस त्याच जागी असतो. या बसण्याला आळस म्हणणं मला पटत नाही. बेडूक, पाल, उंदीर, जे येईल त्याच्यासाठी तो सगळा जागा आहे. तुमचं मन भरकटलं तर त्याला ओढू नका. गालाजवळच्या उबेकडे परत या.

कधी खरोखर आगुंब्याला गेलात तर फांदीला हात लावण्याआधी तिच्यावर उजेड टाका. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषापासून बनतं, चापड्याच्या नाही. तो दिसला तर मागे सरा आणि लांबूनच, हवा तेवढा वेळ, बघत बसा.