यमाच्या दारीचा अतिथी



कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा आपण अनेकवार ऐकली आहे. तो यमाच्या घरी गेला तेव्हा यम बाहेर होता. तीन रात्री तो बालक दाराशी उपाशी राहिला. परत आल्यावर साक्षात् मृत्यू त्याच्यापुढे नमला आणि उपवासाच्या प्रत्येक रात्रीसाठी त्याने एकेक वर दिला. मृत्यूलादेखील अतिथीच्या उपेक्षेचे भय वाटले. आपण मात्र मृत्यूच्या भयाने अतिथीची उपेक्षा केली, हे आज कबूल करावयास हवे.

सन २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात परदेशांतून आलेल्या ज्यांना घरीच विलग राहावयाचे होते, त्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यात आले. शिक्का सावधगिरीचा होता. आपण तो कलंक मानला. त्याच वर्षी तबलीगी जमातीच्या कार्यासाठी आलेल्या व अहमदनगर जिल्ह्यात मुक्काम असलेल्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील ते गुन्हे रद्द केले आणि अतिथीला देव मानणाऱ्या परंपरेप्रमाणे आपण खरोखर वागत आहोत काय, असा प्रश्न केला. जो प्रश्न मंदिरात उठावयाचा, तो न्यायासनाला विचारावा लागला!

कोणी म्हणेल, रोग प्रवाशांबरोबरच आला ना? होय, आला. म्हणून तपासणी आणि विलगीकरण हे कर्तव्यच होते. परंतु अंतर राखणे निराळे आणि अव्हेरणे निराळे. विलग असलेल्याच्या उंबऱ्याशी ताट ठेवून चार पावले मागे सरले, तर नियमही पाळला जातो आणि धर्मही.

याची साक्ष आपली हुबळीच देईल. १८९८ साली प्लेगने हे गाव पोळून निघाले, तेव्हा येथील हजारो लोकांनी जी लस टोचून घेतली, तिचे जनक वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले परदेशीयच. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत त्यांनी ती प्रथम स्वतःच्या देहात टोचून घेतली. परका म्हणून त्यांना अव्हेरले असते, तर रोग राहिला असता आणि औषध मात्र गेले असते.

म्हणून देशपांडे नगरातील आपण सर्व कुटुंबांनी एक संकल्प करू या. पुन्हा कधी साथ आली, तर दाराशी आलेल्याला ‘कोठून आलात?’ हे जरूर विचारावे. पण त्याआधी ‘जेवलात का?’ असे विचारावे.

इति शुभम्.