खर्चाचें नीतिशास्त्र

द्रव्यार्जनाच्या नीतीविषयीं आमच्या भाषेंत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. लांचलुचपत, व्याजबट्टा, भेसळ, काळाबाजार यांचा निषेध न करणारा लेखक विरळाच. परंतु मिळालेलें द्रव्य खर्च करतांना मनुष्य कांहीं नैतिक कृत्य करीत असतो काय, या प्रश्नाकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. मिळविणें हा धर्माधर्माचा विषय आणि खर्चणें हा ज्याच्या त्याच्या खिशाचा, अशी वांटणी आपण करून टाकिली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. आणि कां मान्य नाहीं हें सांगण्यासाठीं वाचकांस आम्ही क्षणभर विलेपार्ले या उपनगरांत नेऊं इच्छितों. (पार्ल्याचें नांव देशोदेशीं गेलें तें बिस्किटांमुळें, त्याला आमचा इलाज नाहीं.)

१९३० च्या एप्रिल महिन्यांत गांधीजींनीं दांडीस मिठाचा कायदा मोडला, तेव्हां पार्ल्यासही सत्याग्रहाची छावणी पडली होती. जमनालाल बजाज व किशोरलाल मशरूवाला हे तिचे धुरीण. यांपैकीं जमनालालजी हे कापसाच्या पेढीवर वाढलेले वर्ध्याचे लक्षाधीश. सरकारची रायबहादुरी त्यांनीं पूर्वींच परत केली होती. पैपैचा हिशेब ज्याच्या हाडींमाशीं खिळलेला, असा हा व्यापारी समुद्राचें पाणी आटवून मीठ काढण्याच्या उद्योगास लागला! जळण आणि मनुष्यांचे श्रम धरले तर तें मीठ बाजारच्या मिठाहून महागच पडलें असेल. परंतु त्या मिठाची किंमत तराजूनें ठरावयाची नव्हती. ज्या करास आपली संमति नाहीं तो कर आपल्या हातानें भरावयाचा नाहीं, एवढाच त्या हिशेबाचा मथितार्थ होता. आणि या हिशेबाची सुरुवात गांधीजींच्याही पूर्वीं महाराष्ट्रांत झालेली होती. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनीं १८७२ सालीं खादीचें व्रत घेतलें आणि १८७७ च्या दिल्ली दरबारांत ते राजेमहाराजांच्या जरतारीमध्यें त्याच जाड्याभरड्या वेषानें जाऊन बसले.

हीं उदाहरणें थोरांचीं झालीं, आणि थोरांच्या उदाहरणांचा एक दोष असा कीं तीं ऐकून आपण माना डोलावतों व घरीं जातों. म्हणून आतां घराकडेच वळूं. १९७२ च्या दुष्काळांत मुंबईंत धान्य, तेल व साखर यांचे भाव चढूं लागले, तेव्हां गोरेगांवच्या मृणाल गोरे, तसेंच अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते प्रभृति स्त्रियांनीं महागाईच्या प्रतिकारासाठीं संयुक्त समिती उभारली. समाजवादी आणि कम्युनिस्ट एका मांडवाखालीं आले, हेंच एक आश्चर्य. पण त्याहून मोठें आश्चर्य त्यांच्या शस्त्राचें. हजारों स्त्रिया थाळी आणि लाटणें घेऊन रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरांतील ज्या वस्तूंकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी वळून पाहिलें नाहीं, त्यांचा निनाद मंत्र्यांच्या कानांपर्यंत पोंचला. प्रतिभा म्हणजे काव्य, चित्र, गायन एवढेंच समजणाऱ्यांनीं या लाटण्याचा विचार करावा. अलीकडे फुटक्या बरणींत रोप लावण्यासही सृजन म्हणूं लागले आहेत, तो भाग सोडून देऊं. परंतु हाताशीं असलेल्या क्षुद्र वस्तूस नवा अर्थ देणें हें जर प्रतिभेचें लक्षण असेल, तर तें येथें आहे.

यानंतर १९७५ च्या गुढीपाडव्यास बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानें मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिचें ग्राहक भवन पार्ल्याच्या पश्चिमेस आहे. तिची रीत अशी: शेजारपाजारच्या कांहीं कुटुंबांनीं मिळून एक संघ करावयाचा, महिन्याला काय लागेल त्याची यादी आधींच नोंदवावयाची, पंचायतीनें सर्वांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी करावयाची, आणि ठरल्या दिवशीं कोणा एका सभासदाच्या घरीं माल उतरला म्हणजे सर्वांनीं जमून तो वांटून घ्यावयाचा. इंग्लंडांत रॉचडेलच्या विणकरांनीं १८४४ सालीं सहकाराचें दुकान काढलें, तेथें निदान दुकान तरी होतें. येथें दुकानच नाहीं! गल्ल्यामागें बसलेला मनुष्य नाहीं, कांचेआड मांडलेला मोह नाहीं. आहे ती केवळ यादी.

या यादीचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. इच्छा आणि खरेदी यांच्यामध्यें ती कांहीं दिवसांचें अंतर घालते, आणि विवेकास राहावयास जागा लागते ती याच अंतरांत. आजचा व्यापार हें अंतर नाहींसें करण्याच्या मागें आहे. बोट लावावें आणि दहा मिनिटांत दारांत पिशवी यावी! आपणास खरोखर काय हवें होतें हा प्रश्न मनांत उठण्यापूर्वींच त्याचें उत्तर जिना चढून आलेलें असतें. शिवाय यादी करणारी गृहिणी एकटी नसते. तिचें तेल व शेजारणीचें तेल एकाच मापांतून जातें, आणि कमी आलें तर दोघींनाही कमी येतें.

आतां कोणी म्हणतात कीं, प्रत्येक रुपया हें एक मत आहे. तें विचारपूर्वक टाकावें म्हणजे जग सुधारेल. हा दृष्टान्त आम्हांस पसंत नाहीं. मतपेटीपुढें सर्वांस एकच मत असतें; बाजारांत ज्याची थैली मोठी त्याचीं मतें अधिक. खर्च हेंच मतदान मानलें तर दरिद्री मनुष्याचा नैतिक अधिकार त्याच्या खिशाएवढाच उरेल, आणि असल्या नीतिशास्त्रापेक्षां अनीति परवडली.

पंचायतीच्या रीतीवरही हा आक्षेप थोडाबहुत लागूं पडतो, हें मान्य केलें पाहिजे. महिन्याचें सामान एकदम घ्यावयाचें तर तेवढा पैसा एकदम हातीं हवा. जो रोज कमावून रोज आणतो, त्याचा आधार कोपऱ्यावरचा वाणी. तो भाव चढा लावील, मापही क्वचित् मारील. पण मूल आजारी असतां उधार देतो तोच. पगारदार गिऱ्हाइकें त्याला सोडून गेलीं तर ती उधारी तो किती दिवस चालवूं शकेल? १९७२ च्या स्त्रियांचें मोठेपण आम्हांस येथें दिसतें. स्वतःच्या घरापुरतें स्वस्त धान्य मिळवून त्यांना स्वस्थ बसतां आलें असतें. त्यांनीं मागितलें तें शिधापत्रिकेवर सर्वांस मिळावें म्हणून. पंचायतीनेंही आपलें काम केवळ वाणसामानापुरतें ठेविलें नाहीं. फसविल्या गेलेल्या ग्राहकांची, मग ते सभासद असोत वा नसोत, बाजू घेऊन ती भांडत आली आहे.

तरीही वाण्याचा प्रश्न सुटला असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या इमारतीच्या दिवाणखान्यांत दहा घरांचा माल उतरतो, तेथेंच धुणीभांडीं करणारी बाई आणि दारावरचा पहारेकरी पावशेर तेल चढ्या भावानें आणीत असतात. त्यांचीं नांवें त्याच यादींत घालून, पैसे त्यांच्या पगाराच्या दिवशीं घेण्यास त्या दहा घरांना अडचण कोणती? दहांनीं मिळून दोन घरांची महिन्याची उधारी सोसावयाची, एवढाच हा व्यवहार आहे; आणि वाणी तर तो एकटा करीत आला आहे.