छिद्र बुजविण्यापूर्वी



उणीव भरून काढणे आणि उणीव झाकणे ह्या दोन क्रिया शेवटी दिसायला अगदी सारख्या असतात. दोहोंनंतर पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पाहणारा समाधानाने मान डोलावतो. मग एकीला आपण सचोटी म्हणतो आणि दुसरीला लबाडी, ते कशाच्या आधारावर? हेतूच्या आधारावर म्हणावे, तर आपला हेतू अशुद्ध आहे असे सहसा कोणालाच वाटत नाही. हा प्रश्न मी अनेक वर्षे पुस्तकांतून वाचत आलो होतो. त्याच्या उत्तराची वाट मात्र मला इंदूरमधील एका लहानशा शेडमध्ये, मोटारसायकलींचे रंगकाम करणाऱ्या एका मिस्त्रींपाशी सापडली.

माझ्या जुन्या बुलेटला पुढे, दिव्याभोवती, फायबरग्लासचे आवरण बसविलेले होते. कारागीर त्याला फेअरिंग म्हणतात. काचेच्या बारीक तंतूंची चटई पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून साच्यात थरावर थर बसविली की असे भाग तयार होतात. पत्र्याला आकार देण्यासाठी मोठाली यंत्रे लागतात. येथे साचा, ब्रश आणि धीर एवढ्यावर भागते. इंग्लंडमधील व्हिन्सेंट कंपनीने १९५४ साली आपल्या ‘ब्लॅक प्रिन्स’ व ‘ब्लॅक नाइट’ ह्या मोटारसायकलींना ह्याच साहित्याचे कवच चढविले होते. आज आपल्याकडे लहान लहान कार्यशाळांतूनही असे भाग बनतात.

माझे फेअरिंग नवे आले तेव्हा ते रंगविण्यासाठी मी मिस्त्रींकडे दिले आणि काम पाहत बसलो. तासाभरात रंग लागेल, अशी माझी समजूत होती. रंगाचा डबा तिसऱ्या दिवशी उघडला.

पहिले काम धुण्याचे. भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्याला आधी मेण चोळतात. त्या मेणाचा अंश अंगावर घेऊनच भाग बाहेर येतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण वर रंग मारला तर रंग जागोजागी गोल वर्तुळे करून मागे सरतो, अथवा काही काळाने पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी कोमट साबणपाणी आणि मग मेण व तेलकटपणा काढणारे द्रावण. द्रावण एका फडक्याने लावायचे आणि ते वाळण्यापूर्वी दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपून घ्यायचे. नवशिके घाईने आधी पॉलिशपेपर चालवितात आणि तेच मेण ओरखड्यांत खोल दाबून बसवितात. मिस्त्रींनी धुतलेल्या भागावर स्वच्छ पाणी ओतले. ते सलग पसरले तर ठीक. थेंब थेंब होऊन आक्रसले, तर तेथे मेण शिल्लक आहे. तीन ठिकाणी पाणी आक्रसले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धुतले.

त्यानंतर घासणे. चकाकत्या पृष्ठभागावर रंगाला पकड मिळत नाही, म्हणून ३२० क्रमांकाच्या पेपरने चकाकी मोडायची. परंतु जेलकोट नावाचा वरचा थर घासून जाऊ द्यायचा नाही. तो गेला की आतले काचतंतू उघडे पडतात आणि रंगातूनही त्यांची खूण वर येते. ती धूळ त्वचेला आणि श्वासाला अपायकारक, म्हणून तोंडावर मास्क बांधलेला.

घासताना टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागली. साच्यात थर बसविताना अडकलेले ते हवेचे बुडबुडे. मला वाटले, आता ह्यांवर लांबी फिरवतील आणि पुढे जातील. मिस्त्रींनी हातात टोच्या घेतला आणि प्रत्येक छिद्र आणखी मोठे केले! मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, ह्याचे तोंड लहान आणि पोट मोठे असते. वरून लांबी फिरवली तर तोंड बंद होते, हवा आतच राहते. गाडी उन्हात उभी राहिली की ती फुगते आणि रंगाला फोड येतो.”

छिद्रे भरली, प्रायमर लागला. तो वाळल्यावर त्यांनी त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारला आणि सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासू लागले. उंचवट्यांवरचा काळा रंग लगेच निघून गेला. खळग्यांत तो तसाच राहिला. दोष शोधण्यासाठी हा मनुष्य आपल्याच कामाला काळे फासत होता.

वाचकहो, ‘सिन्सिअर’ ह्या इंग्रजी शब्दाची एक गोष्ट तुम्ही व्यासपीठावरून ऐकली असेल. लबाड शिल्पकार संगमरवरातील भेगा मेणाने बुजवीत. म्हणून प्रामाणिक मूर्तीला लॅटिनमध्ये ‘मेणाविना’ असे म्हणू लागले आणि त्यातून हा शब्द आला, अशी ती गोष्ट. भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मान्य करीत नाहीत. पण गोष्टीत व्युत्पत्तीहून मोठा असा आणखी एक दोष मला त्या शेडमध्ये जाणवला. जो भेग बुजवितो तो लबाड, असे ती सुचविते. मग छिद्ररहित अशी कोणती वस्तू आहे, आणि कोणता मनुष्य? मिस्त्री दिवसभर छिद्रेच बुजवीत होते आणि त्यात कोणाचीही फसवणूक नव्हती.

माझ्यावर प्रसंग आला तो काही वर्षांनी. बुलेट विकायचे मी ठरविले होते. फेअरिंगला खालच्या बोल्टपाशी बोटभर तडा गेला होता. मी मिस्त्रींना म्हणालो, “वरून लांबी भरा आणि रंग मारा. बाहेरून दिसले नाही म्हणजे झाले.”

त्यांनी तड्यावरून अंगठा फिरविला. “घेणाऱ्याला सांगणार आहात?”

मी काहीच बोललो नाही.

“बोल्टपाशी सारखा हादरा बसतो, साहेब. लांबी फक्त आकार देते, तिच्यात ताकद नसते. तडा पुन्हा वर येईल. एखादे दिवशी चालत्या गाडीवरून तुकडा सुटेल.”

मग त्यांनी खरी दुरुस्ती कशी असते ते सांगितले. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडायचे. आतली बाजू घासून तेथे काचतंतूंची चटई रेझिनने बसवायची. मग बाहेरून तडा खोदून रुंद करायचा आणि भरायचा. वेळ तीन दिवस, खर्च दुप्पट. त्यांनी मला उपदेश केला नाही, दर सांगितला.

तेथे उभा असताना मला एक गोष्ट उमगली. घेणाऱ्याचे वाईट मी चिंतले नव्हते. मी त्याचा विचारच केला नव्हता. माझ्या हेतूत काळेबेरे काही सापडले नसते, कारण त्या हेतूत तो मनुष्यच कोठे नव्हता. म्हणून केवळ हेतू तपासून आपली सुटका होत नाही. दोष झाकणारा पाहणाऱ्याच्या नजरेपुरते काम करतो. दुरुस्त करणारा वापरणाऱ्याच्या रस्त्यापुरते काम करतो. पहिल्याला छिद्राचे तोंड तेवढे दिसते. दुसरा त्याचे पोट शोधतो आणि त्यासाठी ते काही काळ मोठे करण्याची लाज पत्करतो.

मग दुरुस्त झालेला प्रत्येक दोष जगाला सांगत सुटावे काय? तसे मला वाटत नाही. रंगाखालच्या शंभर भरलेल्या छिद्रांची यादी कोणी मागत नाही, मागूही नये. परंतु एक कसोटी लावता येते: कोणी आतून हात फिरविला तर त्याला काय लागेल? खऱ्या दुरुस्तीचे ठिगळ आतल्या बाजूस राहते आणि ते दाखविता येते. झाकलेल्या दोषाच्या मागे हात जाऊ नये, अशीच झाकणाऱ्याची धडपड असते.

मी पूर्ण दुरुस्ती करून घेतली. गाडी घ्यायला एक तरुण आला. त्याला मी ते ठिगळ दाखविले. त्याने आत हात घालून चाचपले आणि किमतीतून पाचशे रुपये कमी केले. ते पाचशे रुपये मला पुढे बरेच दिवस खुपले, हे कबूल केले पाहिजे.

वाचकहो, आपल्या घरातील भांडणे आपण कशी मिटवितो? घाईने म्हटलेले ‘जाऊ दे, झाले ते झाले’ हे पुष्कळदा वरून फिरविलेली लांबी असते. आत हवा तशीच राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड येतो. संस्थेच्या हिशेबातील चूक असो, मुलाजवळ मागायची राहून गेलेली क्षमा असो, ती भरून काढण्याची घाई करू नका. आधी टोच्या हाती घ्या आणि छिद्र किती खोल गेले आहे ते पाहा.