अजात पक्षकार

न्यायासनापुढे ज्याला स्वतः उभे राहता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी उभे राहावे हा आमच्या व्यवसायाचा जुना दंडक आहे. अज्ञानासाठी पालक नेमला जातो. गर्भस्थ बालकाचा वारसाहक्कही कायदा राखून ठेवतो. परंतु दहा सहस्र वर्षांनंतर जन्मणाऱ्या मनुष्याचे वकीलपत्र कोणी घ्यावे?

अमेरिकेत हा प्रश्न खरोखरीच न्यायालयात आला. नेवाडातील युक्का पर्वताच्या पोटात अणुभट्ट्यांतील वापरलेले इंधन पुरावयाचे योजिले होते. सुरक्षिततेचा हिशेब १०,००० वर्षांपर्यंत पाहिला म्हणजे पुरे, असा नियम तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ साली केला. वास्तविक त्या इंधनातील प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यासच सुमारे २४,००० वर्षे लागतात. शिवाय, त्या भूस्तराचे वर्तन सुमारे दहा लक्ष वर्षांपर्यंत अजमावता येईल, असे राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९९५ मध्ये सांगितले होते. आणि अकादमीच्या निष्कर्षांस धरूनच नियम करावा, अशी कायद्याची आज्ञा होती. २००४ मध्ये न्यायालयाने ती मुदत रद्द ठरविली.

२००८ चा नवा नियम दहा लक्ष वर्षे पाहतो खरा, पण कसा? पहिल्या १०,००० वर्षांत मनुष्याच्या वाट्यास वर्षाकाठी १५ मिलिरेमहून अधिक किरणोत्सार येता कामा नये. पुढे मात्र १०० चालेल. हा मनुष्यही कायद्यानेच कल्पिलेला. तो आजच्या अमारगोसा खोऱ्यातील रहिवाशांप्रमाणे जेवतो आणि रोज दोन लिटर भूजल पितो. युगे लोटली तरी त्याची विहीर आणि तहान तीच!

काळ लांबतो तसे गणित धूसर होते, हा संस्थेचा बचाव. पिंपे केव्हा गंजतील, पाणी कोणत्या भेगेतून झिरपेल, हे नेमके कोण सांगणार? हे आम्हांस मान्य आहे. पण पुरावा दुबळा म्हणून हक्क दुबळा, हे कोणत्या न्यायशास्त्रात बसते? मर्यादा १५ चीच ठेवून, ‘यापुढे आम्हांस सिद्ध करता येत नाही’ असे लिहून देणे अधिक सचोटीचे झाले असते. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा तर मालकाच्या इच्छेला हयात व्यक्तींच्या आयुष्यापलीकडे जेमतेम एक अज्ञानवय पुढे जाऊ देतो.

मात्र पुरूच नये, असे आमचे म्हणणे नाही. निधी थांबल्याने २०१० नंतर युक्काचे काम अडले. इंधन अणुभट्ट्यांच्या आवारांतच, पाण्याच्या टाक्यांत आणि पोलादी पिंपांत राहिले आहे, आणि त्यावर पहारा ठेवण्याचे काम नातवंडांकडे जाते आहे. त्यांनाही कोणी विचारलेले नाही.