व्हाया ऑस्लो

माझा भाचा लंडनला राहतो आणि न्यूयॉर्कला जायचं असलं की आधी ऑस्लोला जातो. ऑस्लोत त्याचं कुणी नाही आणि कामही काही नाही. स्वस्तातल्या विमानाने तिथे पोचायचं, एखाद्या साध्या हॉटेलात पाठ टेकायची आणि सकाळी ऑस्लो–लंडन–न्यूयॉर्क अशा बिझनेस क्लासच्या तिकिटावर परत फिरायचं. म्हणजे काल ज्या शहरातून निघाला तिथेच आज विमान बदलायचं. थेट लंडनहून घेतली तर त्याच विमानातली तीच खुर्ची पुष्कळदा कितीतरी महाग पडते. इथवर मला मौज वाटत होती. पण परवा तो म्हणाला, "मामा, पूर्ण भाव भरतात ते बावळट. यांची सिस्टिम एकदा कळली की यांना गंडवता येतं." हे 'गंडवणं' काही केल्या माझ्या गळी उतरेना.

शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही. थोडा भाग कराचा असतो. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला विमानकर द्यावा लागतो. २०२५ च्या दराने न्यूयॉर्कच्या टप्प्याला साध्या वर्गात ९० पौंड आणि वरच्या वर्गात २१६. बाहेरून येऊन लंडनला नुसतं विमान बदलणाऱ्याला तो लागत नाही. पण ऑस्लोचा भाव उतरतो तो एवढ्यानेच नाही. बाकीचं गणित कंपनीचं आहे, आणि ते खुर्चीकडे न बघता माणसाकडे बघून मांडलेलं आहे.

बिझनेस क्लासचा खरा गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातून पैसे देत नाही. त्याचं जाणं आयत्या वेळी ठरतं, तो सोमवारी जातो, गुरुवारी परततो, शनिवार-रविवार घरी काढतो, आणि लंडनचा असेल तर लंडनहूनच निघतो. त्याची बँक नाहीतर वकिली फर्म बिल भरते. त्याला वगळून उरलेल्या, आडव्या होऊन पलंग होणाऱ्या खुर्च्यांवर भाच्यासारखे लोक आणायचे, पण त्या खऱ्या गिऱ्हाइकाने मात्र स्वस्त भाव घ्यायचा नाही, ही विमान कंपनीची खरी अडचण. म्हणून अटी येतात: बऱ्याच आधी घ्या, जाऊन-येऊनचं घ्या, मध्ये शनिवारची रात्र काढा, दुसऱ्या देशातून सुरुवात करा. ऑगस्टमध्ये आणि नाताळात मागच्या रांगा बायकापोरांनी भरतात आणि तिथले भाव चढतात. नेमके तेव्हा ऑफिसवाले सुट्टीवर असतात म्हणून पुढचे पलंग स्वस्तात निघतात. हा सगळा बंदोबस्त 'तू तो नाहीस' हे गिऱ्हाइकाकडूनच सिद्ध करून घेण्याचा आहे. भाचा ऑस्लोला जाऊन तेच सिद्ध करतो. कंपनीच्या भिंतीला त्याने फट शोधलेली नाही. तिथे दार आहे, कंपनीनेच बसवलेलं, आणि आत यायला वाकावं लागेल अशा बेताने मुद्दाम बुटकं ठेवलेलं.

हे मी त्याला सांगितलं, तर त्याने लुफ्तान्साचा खटला काढला. एका प्रवाशाने ऑस्लो–फ्रँकफर्ट–सिअॅटल असं जाण्यायेण्याचं बिझनेस क्लासचं तिकीट घेतलं, आणि परतताना फ्रँकफर्टलाच उतरून शेवटचा ऑस्लोचा टप्पा सोडून दिला. कंपनीने फरकापोटी २,११२ युरो मागितले; डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दावा फेटाळला. "बघ," भाचा म्हणाला, "न्यायालयही आपल्या बाजूचं." मला उलट या खटल्यात माझाच मुद्दा दिसतो. ऑस्लोला जाणाऱ्यावर कंपनी कधी खटला भरत नाही. ऑस्लोला जायचं टाळणाऱ्यावर भरते. गंडवलं ते त्या माणसाने. तू मात्र त्यांनी सांगितलेली सगळी शिक्षा मुकाट्याने भोगतोस आणि वर हुशारीची पावती फाडून घेतोस.

माझा एक जुना लाडका भेद आहे, तो इथे काढल्याशिवाय राहवत नाही. अडचण दोन जातींची असते: एक असतेच, दुसरी केलेली असते. झूल द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्येच हे रेल्वेच्या संदर्भात लिहून ठेवलं. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसायचं, बाकं लाकडी असायची. छपराला असा काय मोठा खर्च येतो? पण ज्याला दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं त्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून गरिबाला भिजवायचं. गरिबावर राग नव्हता. त्याच्याआडून दुसऱ्याला भीती घालायची होती.

अटलांटिकवर याची एक हास्यास्पद आवृत्ती घडून गेली आहे. १ एप्रिल १९५८ रोजी तिथे इकॉनॉमी क्लास सुरू झाला. वरच्या वर्गाचे लोक खाली घसरू नयेत म्हणून विमान कंपन्यांच्या संघटनेने ठरवलं, या वर्गात जेवण नाही, फक्त साधे, थंड सँडविच. स्कँडिनेव्हियन कंपनीने मग आपल्याकडच्या पद्धतीचे उघडे सँडविच दिले: एका पावावर मांसमच्छीचा असा थर की खाली पाव आहे हे खाणाऱ्याला शोधावं लागावं. पॅन अॅमने तक्रार केली. सँडविच कशाला म्हणायचं यावर मोठमोठी माणसं गंभीर चेहऱ्याने भांडली, आणि शेवटी स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला. प्रवाशाला जरा बरं खायला घातलं, हा गुन्हा! द्युपुई असता तर पोट धरून हसला असता.

आणि याच्या नेमकं उलट करणारा माणूस आपल्या कोकणाने निवडून दिला होता. राजापूरचे खासदार मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमधल्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालायला सुरुवात केली. त्याच डिसेंबरात मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस निघाली, वर्गच नसलेली. पहिल्या वर्गाला लोक टिकवायचे म्हणून दुसऱ्याला टोचत ठेवायचं, हा हिशोब त्यांनी मानला नाही. योगायोग असा की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फ्रेडी लेकरची स्कायट्रेन ही विमानसेवा गॅटविकहून न्यूयॉर्कला ५९ पौंडांत उडू लागली होती. १९८२ च्या फेब्रुवारीत लेकरची कंपनी बुडाली. फोम अजून आहे.

मी आतापर्यंत दंडवत्यांच्या बाजूला उभा होतो आणि म्हणणार होतो की स्वस्त बिझनेस क्लास शोधत बसण्यापेक्षा मागच्या रांगा सुधारा. पण विमानात दोन इंच फुकट मिळत नाहीत. रांगारांगांत दोन इंच वाढवले की शेवटच्या रांगा उडतात आणि त्यांचे पैसे उरलेल्यांवर चढतात. गुडघ्यांची ही अडचण पहिल्या जातीची, असलेली. उलट टोकाला, नुसता बिझनेस क्लास ठेवून, एकाच वर्गाचं विमान काढून बघणारेही झाले: स्टॅन्स्टेडहून ईऑस आणि मॅक्सजेट, ल्यूटनहून सिल्व्हरजेट. ईऑसने ७५७ मध्ये अवघ्या ४८ जागा ठेवल्या होत्या. डिसेंबर २००७ ते मे २००८ या काळात, तेल महागलं असताना, तिघीही बंद पडल्या. पॅरिसहून नेवार्कला जाणारी ला कोंपान्यी तेवढी टिकून आहे, आणि भाव तिचेही तारखेनुसार बदलतात. भाच्याचं म्हणणं, पुढचा बँकवाला नसता तर मागचं तिकीट आणखी महाग झालं असतं. हे मी अर्धं मान्य करतो. उरलेलं अर्धं बेसिक इकॉनॉमी नावाच्या सर्वांत स्वस्त तिकिटापाशी अडतं. तिथे जागा निवडू न देण्यात कंपनीचा काय खर्च वाचतो? ते सरळसरळ छप्पर काढून घेणं आहे.

आणि इथे मला भाच्याची थोडी कीव आली. पुढच्या केबिनमधला बिनछपराचा डबा म्हणजे ऑस्लोचं तिकीट. तो भिजतोय, पाण्याऐवजी वेळेत. मग असं वाटायला लागलं की चाळणी लावायचीच असेल तर हीच त्यातल्या त्यात बरी. माणसाची पाठ, झोप, पोट यांना त्रास देऊन वर्ग पाडण्यापेक्षा त्याची एक रात्र ऑस्लोत घालवणं पुष्कळच सभ्य आहे. ज्या अटींना मी इतका वेळ नावं ठेवत होतो, त्यांची बाजू मला घ्यावी लागतेय. शनिवारच्या रात्रीने कुणाच्या घोट्याला सूज येत नाही.

हेही भाच्याला सांगितलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "आईला नाही ना जाता येत असं." माझी बहीण त्याच्याकडे येते तेव्हा धाकटीला भेटायला न्यू जर्सीला जाते. पलंगाची गरज त्या घरात कुणाला असेल तर तिला. पण तिचा पासपोर्ट भारताचा; ऑस्लोत एक रात्र काढायची तर शेंगेन व्हिसा हवा, त्यासाठी बँकेची कागदपत्रं, अपॉइंटमेंट आणि बोटांचे ठसे. भाचा ब्रिटिश पासपोर्टवर उठतो आणि निघतो. ती हीथ्रोहून मागच्या रांगेत बसून जाते. आइलची सीट मिळावी म्हणून तो वेगळे पैसे भरतो.