शेजाऱ्याचे चित्र आणि आठवी आज्ञा

खोटी साक्ष केवळ न्यायालयात दिली जाते, अशी आपली समजूत असते. परंतु एखाद्या समाजाविषयी वर्षानुवर्षे छापली जाणारी वर्णने हीदेखील साक्षच होय. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या आपणां श्रद्धावंतांना हा विचार टाळता येणार नाही. कोलाम, गोंड, परधान, फासेपारधी हे आपले शेजारी; आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांची त्यांच्याशी ओळख कोलामांच्या पोडावर वा पारध्यांच्या बेड्यावर जाऊन झालेली नसते, ती कागदावरून झालेली असते.

कागदावरचे चित्र बहुधा सत्तेच्या सोयीने रंगते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्याखाली नोंदलेल्या जमातींची मुले जन्मतःच संशयित ठरली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. चोरीच्या बातमीच्या मथळ्यात जमातीचे नाव घालण्याची सवय मात्र टिकून राहिली. पुढे १९७५ च्या सुमारास केंद्र शासनाने काही जमातींना 'आदिम' म्हणून वेगळे काढले. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. हेतू साहाय्याचा होता व ते साहाय्य हवेच. तथापि, कपाशीत राबणाऱ्या, आपली कोलामी भाषा जपणाऱ्या माणसाला त्या एका शब्दाने इतिहासाबाहेर उभे केले. 'आदिवासी' म्हटले की मूळ रहिवासाचा हक्क ध्वनित होतो. 'वनवासी' म्हटले की केवळ रानातला मुक्काम उरतो. शब्द निवडतानाच निवाडा झालेला असतो.

हे आपल्याच देशात घडते असे नव्हे. सैबेरियातील तुवा हा प्रदेश १९४४ साली सोव्हिएत संघात सामील झाला. ढोल वाजवून आत्म्यांना आळवणारे तेथील शामान सोव्हिएत लिखाणात लबाड व शोषक ठरले. १९९१ नंतर तेच राष्ट्रीय वारशाचे मानकरी झाले. ढोल तोच होता, राजवट बदलली होती.

स्तुतीही निर्दोष नसते. 'निसर्गाची निष्पाप लेकरे' हे नियतकालिकांचे लाडके चित्र. पण निष्पाप लेकरांना २००६ च्या वनहक्क कायद्याखालील जमिनीचा पट्टा कशाला हवा, असा सोयीचा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. मिशनच्या जुन्या वृत्तांतांतही 'अंधारात चाचपडणारे' हेच रूप वारंवार भेटते. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मात्र गोंडांची लिंगोकथा परधानाच्या तोंडून ऐकून टिपली. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ती प्रसिद्ध झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली लोकांच्या परंपरांत दडलेली देवशब्दाची बीजे आनंदाने व आदराने शोधण्यास सांगितले. ऐकल्यावाचून ती सापडणार कशी?

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात आठव्या आज्ञेखाली अविचारी निवाड्याचाही समावेश आहे: पुरेशा आधारावाचून शेजाऱ्याचा दोष खरा मानणे. हे पाप लिहिणाऱ्याइतकेच वाचणाऱ्याचेही होऊ शकते. म्हणून आमच्या मते कसोटी साधी आहे. जे छापले, ते त्या शेजाऱ्यासमोर मोठ्याने वाचता येईल काय? आणि त्याला उत्तर द्यायचे झाल्यास त्याच पानावर जागा मिळेल काय?

नासरेथमधून काही चांगले निघेल, यावर नथनेलचा विश्वास नव्हता. फिलिपने त्याच्याशी वाद घातला नाही. चल आणि स्वतः पाहा, एवढेच सुचविले. आपल्या धर्मग्रामापासून पोड फार दूर नाही.