आईबापांचा वेळ कुणाचा?

‘तुमच्यासाठी आम्ही काय काय सोडले!’ हे वाक्य कधीच ऐकले नाही असे मूल आपल्या समाजातच काय, कुठल्याही समाजात सापडणे कठीण. मालेगावच्या आमच्या उर्दू शाळेत पालकसभा असली की ते हमखास कानावर पडते. मुलाला गणितात कमी गुण पडलेले असतात आणि आई त्याच्यासमोरच मला सांगते, ‘टीचर, इसके पीछे मैंने अपनी नींद हराम की.’ मूल मान खाली घालून उभे असते. ती झोप त्याने मागितली होती का, हा प्रश्न तिथे कुणालाच पडत नाही.

आईचे म्हणणे खोटे नाही. तान्हे मूल दर दोन-तीन तासांनी दुधासाठी उठते आणि रात्रीचे तुकडे होतात. पुढे मूल मोठे होते, पण दिवसाचे तुकडे राहतातच. फज्रच्या आधी चूल, मग डबा, गणवेश, दप्तर, दुपारी मदरसा, संध्याकाळी अभ्यास. मूल होण्यापूर्वी बाईला सलग तासभर मिळे. त्यात ती एखादे डायजेस्ट वाची, शिवण घेऊन बसे, शेजारी जाऊन येई. नंतर तोच तास पाच-पाच मिनिटांनी हाती येतो. पाच मिनिटांत कपबशी विसळून होते, कथा वाचून होत नाही. उशीखाली दुमडून ठेवलेले डायजेस्ट महिना उलटला तरी त्याच पानावर असते. म्हणून आईबापांचा मोकळा वेळ ‘कमी होतो’ एवढेच म्हणणे मला पुरेसे वाटत नाही.

तरीही ही तक्रार मुलाच्या नावावर कर्ज म्हणून लिहिता येईल का? कर्जाला घेणाऱ्याची संमती लागते. मूल जन्माला येण्यापूर्वी त्याला कुणी विचारलेले नसते. यावर कुणी म्हणेल की सूरह लुकमानमध्ये आईच्या कष्टांची आठवण दिली आहे. दिली आहे, आणि मुलांनी ती विसरू नये. पण ती आठवण देणारा अल्लाह आहे. आईबापांच्या हाती सोपवलेली ती हुंडी नव्हे, की वाटेल तेव्हा वटवावी. इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये मुलाला आईबापांकडची अमानत म्हटले आहे. अमानत सांभाळण्याचे भाडे कुणी अमानतीकडूनच मागत नाही.

मात्र अमानतीचा हा विचारही आपल्याकडे सोयीने वापरला जातो. सून थकली म्हणाली की तिला ऐकवतात, ‘अमानत आहे, तक्रार कसली?’ जणू ती अमानत एकट्या तिच्याच पदरात टाकलेली आहे! दोन वर्षे दूध पाजण्याची आयत घराघरांत सांगितली जाते. सूरह बकराच्या त्याच २३३व्या आयतीत पुढे काय आहे? मुलापायी आईला त्रास होऊ नये, बापालाही होऊ नये. आणि दूध तोडायचे तर दोघांच्या राजीखुशीने, आपसांत मसलत करून. मसलत! दूध तोडण्यासारख्या बाबीतही दोघांनी बसून बोलायचे आहे. मग रात्री कुणी उठायचे, शुक्रवारी मूल कुणाकडे राहायचे, यावर किती घरांत कधी बोलणे होते?

हजरत पैगंबर (स.) नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत आणि मूल रडताना ऐकले की नमाज आटोपती घेत. त्याच्या आईचा जीव कासावीस होत असेल म्हणून. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. ती ममतेचे उदाहरण म्हणून सांगतात, ते ठीकच. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. ती आई मशिदीत होती. मूल लहान आहे तर घरीच बैस, असे तिला सांगितले गेले नाही. तिच्या इबादतीचा वेळ तिच्याकडेच राहिला आणि तिच्यासाठी जमातच थोडी आवरती घेतली गेली.

आज काय दिसते? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा वेळ साधारण १४० मिनिटे, पुरुषाचा ७४. स्वयंपाक-धुणे यात धरलेले नाही. सरकारचा कायदाही काही वेगळे सांगत नाही. केंद्राच्या नोकरीत आईला संपूर्ण सेवेत ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे. बापाला बाळंतपणाच्या वेळी १५ दिवस. ते ७३० दिवस हवे असतील तर तो अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित असावा लागतो. म्हणजे बायको घरात असेपर्यंत संगोपन हे त्याचे काम नव्हे! (आमच्या बी.एड.लाही मुलाला किती वेळ द्यावा हे शिकवले. आईला किती उरावा याबद्दल चकार शब्द नव्हता.)

मालेगावचा बाप आळशी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. पुष्कळ बाप आपली मुले झोपलेलीच पाहतात. पण शुक्रवारी मागांची खडखड थांबते. त्या दिवशी नमाजनंतर तो चौकात, चहाच्या हॉटेलात बसतो. बसावे, त्याचा हक्क आहे. बाईचा शुक्रवार कुठे आहे? त्या दिवशी तर घरात पाहुणे आणि चुलीवर मोठे पातेले. पालकसभेतले ते ‘नींद हराम’ मुलाला उद्देशून असते असे मला आता वाटत नाही. ज्याला ते ऐकवायचे असते तो सभेला आलेला नसतो, म्हणून ते जवळच्या मुलावर पडते.

सगळेच तसे नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप रात्रपाळी सुटली की लगेच झोपत नाही. मुलीला तयार करून शाळेत आणतो. वेणी स्वतः घालतो आणि ती रोज एका बाजूला कललेली असते. फाटकाशी उभ्या बायका हसतात. त्या वेळी अम्मी काय करते, असे मी मुलीला एकदा विचारले. ती म्हणाली, ‘अम्मी पढ़ती है.’ काय वाचते, ते मी विचारले नाही.